आयत्या वेळचे विषय

अण्णा उठले होते. म्हणजे पुरते उठले नव्हते. घडीच्या लोखंडी खुर्चीच्या पाठीवर एक हात, दुसऱ्या हातात चार घड्या घातलेला अजेंडा, आणि गुडघे अजून सरळ व्हायचे होते. मी त्यांच्या स्वेटरची बाही धरली आणि हळूच म्हणाले, "अण्णा, बसा. तुम्हाला नाही बोलता येणार इथे." ते बसले. खुर्ची करकरली, पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं आणि हसून मान फिरवली. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?" कुणालाच नव्हतं. सभा संपली. एवढंच घडलं. या गोष्टीला आता बराच काळ लोटलाय, पण ती लोकरीची बाही माझ्या चिमटीतून सुटत नाही.

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. आम्ही राहतो त्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सनशाइन ॲक्ट नावाचा कायदा आहे. सार्वजनिक सभेत बोलण्याची संधी तो त्या भागातल्या रहिवाशांना आणि करदात्यांना देतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आलेल्या निवृत्त माणसाला तो काहीच देत नाही. पण मी बाही धरली ती काही कायदा आठवून नव्हे. मला लाज वाटली होती, हे खरं कारण. कानटोपी, त्यावरून मफलर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज अशा अवतारात माझे वडील त्या शांत, पॉलिशच्या वासाच्या खोलीत उभे राहून साहेबी इंग्रजीत 'सर, विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणून सुरुवात करणार, या कल्पनेनेच माझे कान तापले. पस्तीस वर्षं ज्या माणसाने सभाच चालवल्या त्याची मला सभेत लाज वाटली.

अण्णा जिल्हा परिषदेत होते. १९७४ साली कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटले आणि सामान्य प्रशासन विभागातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून बाहेर पडले. कुठली जिल्हा परिषद ते लिहीत नाही, कारण पुढे आंब्याची पेटी यायची आहे. जी.बी. म्हणजे सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका काढणं, ती मुदतीत सदस्यांच्या हाती पडेल असं पाहणं, सभेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून नोंदी घेणं आणि नंतर प्रोसिडिंग लिहिणं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. दोन सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले तरी प्रोसिडिंगमध्ये 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली' असं येई. घरी आईशी भांडण झालं की तीही तेच म्हणायची, "झाली ना सविस्तर चर्चा? आता जेवा."

तर अशा माणसाला मी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सभेला नेलं, आणि तेही त्यांच्याच हट्टापायी. २०२३ चा ऑक्टोबर होता. डोंगर लालपिवळे झाले होते, अण्णांना घरात बसून कंटाळा आला होता आणि मी त्या वर्षी नागरिक झाल्यामुळे नोव्हेंबरात पहिल्यांदा मत देणार होते. आमची काउंटीही जरा धुमसत होती. पेनसिल्व्हेनियातल्या बऱ्याच काउंट्यांसारखा इथला कारभार तीन निवडून आलेले कमिशनर बघतात. त्यांच्या हाताखाली एक चीफ क्लर्क. बाकी शेरीफ, खजिनदार, कोरोनर, दस्त नोंदवणारा, मृत्युपत्रं नोंदवणारा हे सगळे स्वतंत्रपणे निवडून आलेले, आपापल्या खोलीचे राजे. आता म्हणणं असं पुढे आलं होतं की तुरुंग, पूल, ९११ या तातडीच्या मदतीच्या फोनचं केंद्र, वृद्धांचं शुश्रूषालय हा कोट्यवधी डॉलरचा व्याप गावगाड्याच्या पद्धतीने चालत नाही. रीतसर शिकलेला, दुसरीकडे अनुभव घेतलेला व्यावसायिक मॅनेजर नेमावा. कमिशनरांनी धोरण ठरवावं, खातेप्रमुखांना हाकायचं काम त्याने करावं.

"म्हणजे सीईओ आणतायत," अण्णा म्हणाले. "मग यात नवीन काय? आपल्याकडे १ मे १९६२ पासून आहे."

त्यांचं बरोबर होतं आणि नव्हतंही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा आला, जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, आणि अध्यक्ष-सभापती लोकांनी निवडलेले, तर मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ सरकारने धाडलेला, अशी जोडी जुंपली गेली. गाडा कधी नीट चालला, कधी एक बैल शेताकडे नि दुसरा पाणवठ्याकडे. पण आपला सीईओ मुंबईहून येतो. तो केंद्राच्या परीक्षेतून निवडलेला असतो, राज्याच्या आदेशाने येतो आणि तसाच एका सकाळी जातो. इथे मुंबईच नाही. काउंटीत राज्य सरकारने बसवलेला कलेक्टर असा कुणी नसतो, हे अण्णांना पटवायला मला दोन दिवस लागले. "मग मॅनेजर येणार कुठून?" जाहिरात देऊन. "जाहिरात? सीईओच्या पोस्टची?" हो, अर्ज मागवतात, मुलाखती घेतात. "आणि बदली?" बदली नाही होत अण्णा, नको झाला तर काढतात. मग तो दुसऱ्या काउंटीची जाहिरात बघतो. अण्णांनी बशीतला चहा संपवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे स्वतःची बदली स्वतःच करून घ्यायची. हे बरंय. निदान मंत्रालयाच्या खेपा वाचल्या."

त्या दिवसांत मी त्यांना रोज काहीबाही वाचून दाखवत असे. ही कल्पना मुळात शहरांतून आली. व्हर्जिनियातल्या स्टाँटन नावाच्या लहान गावाने १९०८ मध्ये चार्ल्स ॲशबर्नर नावाच्या इंजिनिअरला पगारी व्यवस्थापक म्हणून ठेवलं. तिला सिद्धांताची झूल चढवून देशभर फिरवली ती रिचर्ड चाइल्ड्स या जाहिरातीच्या धंद्यातल्या माणसाने. तरुणपणी पहिल्यांदा मत द्यायला गेला तर मतपत्रिकेवर इतकी पदं नि इतकी अनोळखी नावं, की कुणाला मत देतोय हेच त्याला कळेना. त्यातून त्याने ठरवलं, मतपत्रिका आखूड करायची, मोजकी माणसं निवडायची आणि कामाला जाणकार माणूस त्यांनी नेमायचा. कंपनीचं संचालक मंडळ आणि त्यांचा जनरल मॅनेजर असतो तसं. मार्च १९१३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात महापूर आला. त्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली आणि मोडलेल्या शहराने त्याच वर्षी ही पद्धत स्वीकारली. काउंट्यांपर्यंत ती उशिरा पोचली. व्हर्जिनियाच्याच आर्लिंग्टन काउंटीत १९३० मध्ये लोकांनी मत देऊन तिला होकार दिला, १९३२ पासून तिथे मॅनेजर आहे, आजही आहे. अण्णा पोर्चवरच्या झुलत्या खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "आधी पूर यावा लागतो."

पूर म्हणजे पाण्याचाच असं नाही. आमच्यापासून डोंगर ओलांडला की लुझर्न काउंटी लागते. विल्क्स-बॅरी तिचं मुख्य ठिकाण, सस्क्वेहाना नदी आणि अँथ्रासाइट कोळशाच्या जुन्या खाणी. तिथला पूर २००९ साली आला. काउंटीच्या न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधारगृहांशी संबंधित लोकांकडून २८ लाख डॉलर घेतल्याचं उघडकीला आलं. एकीकडे पैसे येत होते आणि दुसरीकडे पोरं आत जात होती. शाळेतल्या उपमुख्याध्यापिकेची टिंगल करणारं पान इंटरनेटवर बनवलं म्हणून एका मुलीला तीन महिन्यांची शिक्षा झाली होती. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे चार हजार खटल्यांचे निकाल पुसून टाकले. एका न्यायाधीशाला २८ वर्षांची, दुसऱ्याला साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच लाटेत इतर अनेक जण सापडले, काउंटीच्या एका माजी कमिशनरनेही लाच घेतल्याची कबुली दिली. लोक इतके चिडले की नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी तीन कमिशनरांची जुनी पद्धतच मोडीत काढली. जानेवारी २०१२ पासून अकरा जणांचं कौन्सिल आणि त्यांनी नेमलेला मॅनेजर आले. शेरीफ, कोरोनर वगैरेंची निवडणूकच बंद झाली. लोकांच्या मताने निवडायचे राहिले ते सरकारी वकील आणि हिशेब तपासणारा कंट्रोलर.

हे मी मोठ्या रंगात येऊन सांगत होते. अण्णांनी एकच गोष्ट विचारली. "पण न्यायाधीश मॅनेजरच्या हाताखाली येतात का?"

नाही येत. तिथले न्यायाधीश आजही लोकच निवडतात. म्हणजे ज्या पापाने लोक पेटले ते पाप नव्या मॅनेजरला ना दिसलं असतं ना थांबवता आलं असतं. दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे. लोक मूर्ख होते असं मात्र मला म्हणवत नाही. घराला आग लागली की माणूस स्वयंपाकघरासकट सगळी वायरिंग बदलून घेतो. त्या वायरिंगची हौस पुढे किती फिटली, हा वेगळा प्रश्न. २०१२ ते २०२३ या काळात लुझर्नला चार मॅनेजर झाले, मधल्या काळातले हंगामी वेगळेच. त्यातला एक तर २०२२ मध्ये येऊन काही महिन्यांतच राजीनामा देऊन गेला. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निवडणुकीच्या दिवशी तिथल्या अनेक मतदान केंद्रांवर मतपत्रिका छापायचा कागदच संपला. न्यायालयाला मतदानाची वेळ रात्री दहापर्यंत वाढवून द्यावी लागली. व्यावसायिक व्यवस्थापन एवढं नि कागदाचं रीम मोजायला कुणी नाही, यावर आमच्या भागात बरेच दिवस टवाळी चालू होती. आमच्याकडच्या मॅनेजर-विरोधकांना तर ते आयतंच कोलीत मिळालं. अण्णांना मात्र हसू आलं नाही. स्टेशनरीचा इंडेंट वेळेत न गेल्याने काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

मी मॅनेजरच्या बाजूची. का, हे सांगायचं तर ती आंब्याची पेटी काढावी लागेल. मे महिना म्हणजे आमच्या घरी बदल्यांचा मोसम. ओट्यावर सकाळपासून माणसं. शिक्षक, ग्रामसेवक, कुणाची बायको लेकराला कडेवर घेऊन. त्यांच्यासोबत कुणी सदस्याचा माणूस, पांढरे कपडे, खिशात दोन पेनं. अण्णांच्या हातात बदली नसे, यादीचा कागद असे. पण यादीतली वर-खाली कुठे होते हे त्यांना आधी कळे, आणि तेवढंही त्या ओट्याला पुरे असे. आई सगळ्यांना पाणी द्यायची. भेटी परत जायच्या, हे मी स्वतः पाहिलंय. मिठाईचे पुडे, नारळ, एकदा चक्क कोंबडी. पण एका वर्षी एक आंब्याची पेटी आतल्या खोलीत आली. गवतात गुंडाळलेले आंबे, तो घमघमाट मला आजही येतो. मी आठवीत होते. आईने काही विचारलं नाही, अण्णा काही बोलले नाहीत, आणि आम्ही भावंडांनी चार दिवस कोपरापर्यंत रस ओघळवला. ती कुणी, कशासाठी पाठवली होती हे मी अजून विचारलेलं नाही. पण 'ओळखीवर चालणारा कारभार' असे शब्द कुणी उच्चारले की मला त्या गवताचा वास येतो.

त्याच वर्षांत एक तरुण सीईओ आले होते. बाहेरच्या राज्यातले, मराठी तोडकंमोडकं, 'सदर' शब्दावर फार प्रेम. त्यांनी बदल्यांच्या यादीवर हिरव्या शाईने लिहिलं की ज्येष्ठतेचा क्रम मोडायचा असेल तर कारण लेखी द्या. एवढंच. पण त्या मे महिन्यात आमचा ओटा रिकामा राहिला. अण्णा संध्याकाळी तिथे एकटे बसून पेपर वाचत होते आणि आई म्हणाली, "आज किती शांत वाटतंय नाही?" ते साहेब अकरा महिन्यांत गेले. अण्णांनी त्यांच्या त्या शेऱ्याची नक्कल आपल्या डायरीत उतरवून ठेवली होती. मला विचाराल तर मॅनेजर या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ तो रिकामा ओटा आहे.

पण मग आक्का आठवतात. १९९७ च्या निवडणुकीत महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या एक सदस्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, सही करायला नुकत्याच शिकलेल्या. त्यांच्या गटातल्या एका वस्तीवरचा हातपंप सहा महिने बंद होता. त्याची फाईल चार टेबलांवर फिरून 'निधी उपलब्धतेनुसार' या शेऱ्याशी येऊन निजली होती. आक्का एका सोमवारी आल्या आणि सीईओंच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसल्या. बोलल्या काही नाहीत. दुपारी फडक्यातली भाकरी सोडली, शिपायालाही अर्धी दिली. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. गुरुवारी यांत्रिकी विभागाची गाडी गेली आणि पंप चालू झाला. अण्णा ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणत, "नियमात काय बसतं ते साहेबाला कळायचं. तहान कुठे लागलीय ते आक्काला." मग जरा थांबून, "पण आक्काचा पंप झाला म्हणून दुसऱ्या कुणाचा मागे पडला असणार. तो कुणाचा, ते मात्र आमच्याकडे कुणी बसलं नाही."

आमच्या शेजारच्या आजी अशाच. ऐंशीच्या पुढच्या, वडील-काका सगळे खाणीत. आमच्या ओढ्यावरचा काउंटीचा छोटा पूल मागे बंद पडला होता तेव्हा यांनी कमिशनरला घरी फोन केला. त्याला त्या शाळेपासून ओळखत होत्या, त्याच्या आईला तर त्याच्याहून आधीपासून. तो रविवारी चर्चहून परस्पर आला, कोट घालूनच पुलाखाली वाकून बघितलं, आणि महिन्याभरात पूल सुरू झाला. "उद्या तुमचा तो मॅनेजर येईल," आजी मला म्हणाल्या, "चांगला शिकलेला असेल. पण त्याची आई मला माहीत नसेल." यावर मला बोलता आलं नाही. कारण मी रोज कामावर जाते त्या रस्त्यावर काउंटीचाच दुसरा एक पूल आहे, तो चार वर्षं बंद आहे. मी सात मैलांचा वळसा घालून जाते. त्या बाजूला भाड्याने राहणारी, वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करणारी, बहुतेक स्पॅनिश बोलणारी माणसं राहतात. कमिशनरची आई त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

ती सभा. अण्णा तिथे रमले, हे सांगायलाच हवं. सुरुवातीला सगळे उठून छातीवर हात ठेवून झेंड्याची शपथ म्हणाले तेव्हा अण्णा राष्ट्रगीताला उभे राहतात तसे हात बाजूला ताठ ठेवून उभे राहिले. ठराव आला, एकाने मांडला, दुसरा 'सेकंड' म्हणाला, तसे माझ्या कानाशी कुजबुजले, "सूचक, अनुमोदक!" जत्रेत गावचा माणूस भेटावा तसा आनंद. नंतर माझ्या लक्षात आलं की ते कमिशनरांकडे बघतच नव्हते. टेबलाच्या टोकाला चीफ क्लर्क बाई बसल्या होत्या, चष्मा नाकावर, समोर लॅपटॉप असूनही हाताने पिवळ्या वहीत लिहीत होत्या. कुणी विषय सोडून बोलायला लागला की त्यांचं पेन थांबायचं. अण्णांची नजर त्या पेनावर. "हुशार बाई आहे," म्हणाले, "काय सोडायचं ते कळतंय तिला." मॅनेजर आला तर बाईंची खुर्ची एक पायरी खाली सरकणार होती. त्या स्वतःच त्या प्रस्तावाची नोंद घेत होत्या.

बोलणाऱ्यांना तीन-तीन मिनिटं. पडद्यावर हिरवे आकडे उलटे पळत होते. एक जण म्हणाला खर्च वाढेल, एक जण म्हणाला लुझर्नकडे बघा, दुसराही म्हणाला लुझर्नकडे बघा, पण उलट कारणाने. मग अण्णा अर्धे उठले आणि मी बाही धरली.

गाडीत मी विचारलं, "काय विचारणार होतात?" बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. अंधारात एका घरापुढे भोपळे मांडले होते, ते मागे गेले. "काही नाही गं. याचा सीआर कोण लिहिणार, एवढंच."

सीआर म्हणजे वरिष्ठांनी लिहायचा गोपनीय अहवाल. मी म्हटलं, मॅनेजरचा कमिशनरच लिहितील, तेच नेमणार, तेच काढणार. "ते कळलं मला," अण्णा म्हणाले. "आपल्याकडे अडचण ही की सीईओला आपलं बरं-वाईट वरून ठरतं ते माहीत असतं, म्हणून तो खालच्यांना भीत नाही. मुंढेसाहेब आयुक्त होते तेव्हा २०१६ मध्ये नवी मुंबईत नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास आणला, मोठ्या मतांनी मंजूर केला, तरी सरकारने त्यांना पुढे काही महिने ठेवलंच ना? इथे उलट. दोघा कमिशनरांचं डोकं फिरलं की हा घरी. मग तो दोघांना सांभाळणार. दोघांना सांभाळणारा मॅनेजर आणि आत्ताचा कारभार यात फरक काय, हे विचारायचं होतं." तीनपैकी दोन. गणित इतकं साधं होतं, आणि त्या सभेत कुणीही ते मांडलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी गावी फोन लावला, जुन्या सहकाऱ्याला. तिकडे सकाळ होती. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांप्रमाणे आमच्याकडेही निवडणूक झालेली नव्हती, प्रशासक म्हणून सीईओच बसले होते. एकटेच. अध्यक्ष नाही, सभापती नाहीत, जी.बी. नाही. फोन स्पीकरवर होता. पलीकडचा आवाज म्हणाला, "लई शांत आहे रे. फाईल सरकते झरझर. सभागृहाला कुलूप. कँटीनवाल्याचा धंदा बसला." अण्णा हसले नाहीत. "बाकावर कोण बसतं?" त्यांनी विचारलं. "कुठल्या बाकावर?" "साहेबांच्या केबिनबाहेरच्या." पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. "बाक काढलाय," मग उत्तर आलं, "तिथे झाडाच्या कुंड्या ठेवल्यात."

७ नोव्हेंबरला मी मत दिलं. अण्णा बाहेर गाडीत बसले होते. कमिशनरांच्या तीन जागा, पण मतं दोनच द्यायची, म्हणजे तिसरी जागा दुसऱ्या पक्षाला राहते. ही युक्ती मला आवडली. मग खाली खाली नावं. कोरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारा, तो डॉक्टर असायलाच हवा असंही नाही. प्रोथोनोटरी, म्हणजे दिवाणी न्यायालयाची कागदपत्रं सांभाळणारा. हे पद नक्की काय आहे असा प्रश्न राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनाही पडला होता, असा किस्सा इथे सांगतात. मी चाइल्ड्ससारखीच त्या यादीपुढे उभी राहिले. एका नावापुढचा गोल भरला तो केवळ त्या माणसाच्या पाटीवर छान कुत्रा होता म्हणून. लोकशाहीतलं माझं पहिलं योगदान. बाहेर आल्यावर अण्णांनी बोटाकडे पाहिलं. शाई नव्हती, छातीवर एक स्टिकर होतं. त्यांना ते अगदीच कच्चं काम वाटलं.

त्याच महिन्यात ते परत गेले. जानेवारीत बर्फ साफ करायला मी त्यांचं इथे ठेवून गेलेलं जाकीट घातलं तर खिशात तो अजेंडा. चार घड्यांचा. मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या बॉलपेनने, डावीकडे समास सोडून, त्यांच्या त्या सरकारी अक्षरात सभेचं प्रोसिडिंग. उपस्थिती, विषय क्रमांक, ठराव, सूचक, अनुमोदक. नावं नीट ऐकू आली नसावीत, तिथे 'टक्कल असलेले' आणि 'लाल टाय' असं लिहिलं होतं. सगळ्यात खाली नेहमीचा मथळा: मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. त्याखाली: १. प्रस्तावित मॅनेजर यांचे गोपनीय अहवालाबाबत. त्यापुढे दोन बोटं जागा मोकळी.

फेब्रुवारीच्या सभेला मी एकटी गेले. प्रस्ताव अजून लोंबकळतच होता. वहीत नाव-पत्ता लिहिला, उठले, माईक माझ्या उंचीपेक्षा वर होता तो खाली ओढताना किंचाळला. तीनपैकी दोन, हे मी अण्णांच्या शब्दांत विचारलं. इंग्रजीत ते जरा उद्धट वाटलं असावं. लाल टाय (त्या दिवशी निळा) म्हणाले की प्रश्न उत्तम आहे, आम्ही तो जरूर विचारात घेऊ. पडद्यावर माझी दोन मिनिटं अकरा सेकंदं शिल्लक होती. बाईंचं पेन चाललेलं मी पाहिलं.

इतिवृत्त पुढे संकेतस्थळावर आलं तेव्हा मी अण्णांना फोन करून वाचून दाखवलं. माझं नाव बरोबर होतं. विषय: काउंटी मॅनेजरचा प्रस्ताव.

"आणि उत्तर?"

"उत्तराची नोंद नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. मागे कुकरची शिट्टी झाली, त्यांनी ती संपेपर्यंत वाट पाहिली. "पुढच्या सभेत पहिलाच विषय असेल, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. तो पुकारला रे पुकारला की उठ. बसू नकोस."